शनिवारी काय बोलशील

सोन्या, अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या कार्यक्रमात तू स्वतःची गोष्ट सांगणार आहेस हे ऐकून लई बरं वाटलं, थोडं टेन्शनपण आलंय, म्हणून नाइट ड्युटीवरून आल्या आल्या टाइप करतेय. तू गे आहेस म्हणून काकाने कसं मारलं ते सगळं नको सांगत बसू. सांगायचंच असेल तर तुझी मर्जी, पण लोक ते ऐकून हळहळतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात.

त्यांना त्यानंतरचं सांग. मी ड्युटीवर असताना तुला बाहेर काढलं, पायात स्लिपर, मोबाइलची बॅटरी गेलेली, दादरच्या पुलावर बसलास, पोलिसाने हटकलं की उठून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर, आणि आधार, दहावी-बारावीच्या मार्कशीट सगळं काकाच्या कपाटात. मी होते म्हणून ती फाइल मिळाली, कुलूप फोडलं रे मी! ज्याची आई नाही किंवा आईच दार लावून घेते त्या पोराने काय करायचं? आधार नाही तर रूम नाही, सिम नाही, नोकरी नाही. मग कोणीतरी "चल माझ्याकडे" म्हणतो आणि पोरगं जातं, कारण पाऊस पडत असतो.

हे बोल. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही, आपण पेढे वाटले, पण त्याने कोणाच्या डोक्यावर छप्पर आलं नाही. ट्रान्सजेंडर मुलांसाठी निदान २०१९ च्या कायद्यात कलम १२ आहे, की घरच्यांच्या घरात राहायचा त्यांना हक्क आहे, त्यांना राहायला केंद्राची गरिमा गृहं म्हणून निवारे आहेत. तीही पुरत नाहीत म्हणा. पण गे, लेस्बियन पोरांसाठी असं काहीच लिहिलेलं नाही. अठरा पूर्ण झाली की १०९८ ही मुलांची हेल्पलाइन पण तुमच्यासाठी नाही. मग जायचं कुठे, हे समोर बसलेल्या साहेबांना थेट विचार, घाबरू नकोस.

दुसऱ्या कोणाचं नाव, गाव अजिबात घ्यायचं नाही. तुझ्या रूमवर जो राहतोय त्याचं तर नाहीच, त्याचे वडील अजून शोधतायत. कोणी व्हिडिओ काढत असेल तर कुठे टाकणार ते आधीच विचारून घे.

मी सुट्टी टाकलीय, मीपण येते. हॉलमध्ये कोणाचे आईबाप असतील तर त्यांच्याशी मी बोलेन, ते तुझ्यावर नको. डबा आणते, दोघांचा.

तुझी आई