जंगलातील इशारे आणि गाड्यांचा गोंगाट

महोदय,

उन्हाळ्यात विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांकडे पर्यटकांची रीघ लागते. तेथे गाइड आणि चालकांच्या तोंडी सतत एक शब्द असतो, तो म्हणजे ‘कॉल’, अर्थात शिकारी प्राण्याची चाहूल लागताच इतर प्राणी देतात तो इशाऱ्याचा आवाज. त्याविषयी काही लिहावेसे वाटते.

वाघ किंवा बिबट्या नजरेस पडताच झाडावरचे वानर खाकरल्यासारखा खरखरीत आवाज काढते आणि खाली चरणारी चितळे तो आपल्यासाठीच असल्याप्रमाणे कान टवकारून ओरडू लागतात. वानरांनी खाली टाकलेला पाला आणि फळे चितळे खातात, त्यामुळे हा शेजार एरवीही जुनाच आहे. चितळ कधी नुसत्या शंकेनेही ओरडते. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही, म्हणून त्याचा आवाज आला की अनुभवी गाइड लगेच सावध होतो. कोण ओरडले यावरून बातमी किती पक्की, हे तो ठरवतो.

या आवाजांना निव्वळ भीतीची किंकाळी समजणे चूक आहे. केनियातील अंबोसेली येथे रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी व्हर्वेट माकडांचे इशारे ध्वनिमुद्रित केले आणि आसपास कोणताही शत्रू नसताना त्यांनाच ऐकवले. बिबट्याचा इशारा ऐकून जमिनीवरची माकडे झाडावर धावली, गरुडाचा ऐकून वर पाहू लागली, सापाचा ऐकून पायाखालचे गवत न्याहाळू लागली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने प्राण्यांच्या आवाजात नेमका आशय असतो, हे दाखवून दिले. लहान पिल्ले मात्र गळणाऱ्या पानालाही गरुडाचा इशारा देतात. अचूकपणा त्यांना हळूहळू येतो, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. शिवाय आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यात असे दिसले, की माकडांनी ओरडून ‘तू दिसलास’ हे कळवले, की दबा धरलेला बिबट्या तेथून निघून जातो.

गेल्या मे महिन्यात एका पाणवठ्याजवळ वानर खाकरले आणि काही मिनिटांतच तेथे गाड्यांची रांग लागली. इंजिने चालूच होती, लोक मोठमोठ्याने बोलत होते. पाण्यावर आलेले सांबर ओरडत असल्याचे मला त्याच्या हालचालीवरून समजले, आवाज कानावर आलाच नाही. जो आवाज मला ऐकू आला नाही, तो पलीकडच्या झुडपातील त्याच्या पाडसाला कितपत ऐकू गेला असेल? ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी घेरल्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली होती. वाघाची वाट अडवणे निदान डोळ्यांना दिसते, इशारा गोंगाटात बुडवणे दिसत नाही.

कॉल ऐकू येताच गाडी आहे तेथेच थांबवून इंजिन बंद करण्याचा नियम वन विभागाने सर्व प्रवेशद्वारांवर लागू करावा आणि त्याचे कारण गाइडमार्फत पर्यटकांना आत सोडण्यापूर्वीच समजावून सांगावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर