विम्बल्डनची माती समजावणाऱ्या बाईंना

नमस्कार मॅडम,

तुमचे आभार निघताना इंग्रजीत मानून झाले आहेत. तरी हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पुण्या-मुंबईहून लंडनला गेलेले कितीतरी जण विम्बल्डनच्या टेनिस क्लबची तुमच्यासारख्या गाइडबरोबरची ही टूर करतात, रॉयल बॉक्ससमोर (राजघराण्यासाठी राखलेल्या जागेसमोर) उभं राहून फोटो काढतात आणि गवताकडे पाठ करून परत येतात. कोर्टावर पाणी मारणं आणि रोलर फिरवणं हेच ज्यांचं काम, त्या आमच्यासारख्यांना हे बघवत नाही. तुम्ही मात्र दीड तासातला मोठा वाटा गवताला आणि मातीला दिलात. गटातले काही जण चुळबुळ करत होते, तरी दिलात. त्याबद्दल पहिले आभार.

सेंटर कोर्टच्या, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टच्या, पायऱ्यांवर गेल्या गेल्या तुम्ही बजावलंत की आधी थोडी निराशा होईल. खरंच होते. स्पर्धा नसताना तिथे नेट नाही, पांढऱ्या रेषा नाहीत, आणि भोवती कुंपणाची तार. ती तार माणसांसाठी नाही, कोल्ह्यांसाठी आहे. लंडनच्या वस्त्यांत कोल्हे सर्रास फिरतात आणि त्यांचं मूत्र जिथे पडतं तिथलं गवत जळून पिवळा डाग पडतो. हिवाळ्यात गवत हळू वाढतं, त्यामुळे असा डाग भरून यायला फार वेळ लागतो. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या कुणालाही हे विचारावंसं वाटलं नसतं. तुम्ही आपणहून सांगितलंत.

मग मुख्य गोष्ट. चेंडूला टप्पा देते ती माती, गवत नव्हे. चिकणमातीचा अंश भरपूर असलेली माती पाणी देऊन, रोलरने दाबून आणि मग हळूहळू सुकवून घट्ट करायची. गवताच्या मुळांनी ती एकत्र धरून ठेवायची. वानखेडेची लाल माती आणि काळ्या मातीची खेळपट्टी यांत चेंडू वेगळा का वागतो, हे आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. टेनिसच्या बाबतीत मात्र सगळे गवतावरच अडकतात. पाणी जास्त झालं तर टप्पा खाली राहतो आणि पाय सरकतो. कमी झालं तर गवत मरतं, मुळं सुटतात आणि माती तडकते. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे. म्हणून स्पर्धेच्या काळात रोज ओलावा मोजतात आणि क्लेग हॅमर नावाच्या साधनाने कठीणपणा मोजतात. त्याचं तत्त्व साधं आहे: एका नळीतून ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं, ते जमिनीवर आपटून किती झटक्याने थांबलं याचा आकडा यंत्र दाखवतं. आकडा मोठा म्हणजे जमीन कडक. आपल्या बहुतेक क्लबांत हेच काम अंगठा दाबून आणि टाच मारून होतं. त्यात अनुभव असतो, पण कालच्याशी आजची तुलना करता येत नाही.

आता गवत. 2001 पासून इथे शंभर टक्के पेरेनियल रायग्रास हे बारमाही गवत आहे; त्याआधी 70 टक्के राय आणि 30 टक्के क्रीपिंग रेड फेस्क्यू हे दुसरं गवत असं मिश्रण होतं. राय झीज जास्त सोसतं, म्हणून बदल केला. स्पर्धेत त्याची उंची 8 मिलिमीटर, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीएवढी, आणि कापणी रोज. हिवाळ्यात ते 13 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात आणि वसंतात टप्प्याटप्प्याने खाली आणतात. एकदम खाली का नाही, हेही तुम्ही सांगितलंत: पानाचा मोठा भाग एका दमात कापला की रोपाची ताकद मुळांतून पान भरून काढण्यात जाते आणि नेमकी मुळंच उथळ राहतात. आपल्याकडे लॉनवाले नेहमी हीच चूक करतात. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी गवत बुडापर्यंत उतरवायचं, आणि आठवड्याने पिवळं का पडलं म्हणून खताचं पोतं आणायचं!

अंतिम सामना संपला की काही दिवसांतच कोर्टाचा वरचा थर यंत्राने खरवडून काढतात, गवतासकट. मग माती सारखी करून नवीन बी पेरतात. राय आठ-दहा दिवसांत उगवतं, त्यामुळे थंडी पडायच्या आत ते जोर धरतं. वर्षभर पोसलेलं हिरवं गवत असं खरवडायचं म्हणजे हात धजावत नाही. पण जुन्या मेलेल्या पानांचा आणि मुळांचा गादीसारखा थर राहू दिला, तर पुढच्या वर्षी चेंडू त्या गादीवर पडतो, मातीवर पडत नाही. पाणीही वरच अडकतं.

संग्रहालयात जुने आणि नवे फोटो बघताना आम्हाला तुमचं सांगणं फार उपयोगी पडलं. सर्व्ह करून नेटकडे धावत जायचा जमाना होता तेव्हाच्या फोटोंत झीज बेसलाइनपासून (कोर्टाच्या टोकाच्या रेषेपासून) पुढे नेटच्या दिशेने चढत गेलेली दिसते. आताच्या फोटोंत नेटजवळ हिरवंगार आणि बेसलाइनच्या मागे भुरकट माती. लोक म्हणतात गवत बदललं म्हणून खेळ संथ झाला. आमच्या मते रॅकेट, तारा आणि खेळाडूंच्या सवयी यांचाही त्यात मोठा हात आहे. एकट्या बियाण्याला दोष देणं सोपं पडतं, एवढंच.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खेळाडू का घसरतात, याचंही उत्तर यातच होतं. ताज्या गवताच्या पानात रस असतो. बुटाखाली पान चिरडलं की तो रस तळव्याला वंगणासारखा लागतो. बेसलाइनमागे गवत झिजून माती उघडी पडली की तिथे पाय रोवता येतो, पण बाजूला, जिथे कुणी फारसं धावलेलं नसतं, तिथे घसरणं राहतंच. गवतासाठीच्या बुटांच्या तळाला बारीक उंचवटे असतात ते याचसाठी.

छताचा भाग आम्ही घरी येऊन पुन्हा लिहून काढला. सेंटर कोर्टचं सरकतं छत 2009 मध्ये आलं. दहा पोलादी तुळया, प्रत्येकीचा पल्ला सुमारे 77 मीटर, आणि त्यांच्यामध्ये घडी पडणारं कापड: एका बाजूला चार पट्टे, दुसऱ्या बाजूला पाच. ते बंद व्हायला दहा मिनिटांच्या आत वेळ लागतो. मग खेळ लगेच का सुरू होत नाही, हा टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाचा वैताग. कारण असं, की बंद छताखाली जवळपास 15,000 माणसांचा श्वास आणि खुद्द गवतातून निघणारी वाफ कोंडते. ही दमट हवा थंड कापडाला लागली की आतून थेंब धरतात, आणि गवतावर दव बसलं तर कोर्ट निसरडं होतं. म्हणून आधी हवा कोरडी आणि थंड करत आणावी लागते. त्याला अर्धा तासही लागू शकतो. पावसाळ्यात बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले की भिंतींचं काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. कापड उजेड आत येऊ देणारं निवडलं तेही गवतासाठीच. कोर्ट नंबर 1 वर 2019 मध्ये छत आलं. बाकीच्या कोर्टांवर आजही ताडपत्रीच: माणसं धावत येऊन ती ओढतात, मग मधून तंबूसारखी उचलतात म्हणजे खाली हवा राहते. नुसती पसरून ठेवली तर खालचं गवत वाफाळतं आणि त्यावर बुरशी चढते.

काही गोष्टी तुम्ही चालता चालता सांगितल्यात. चेंडू 20 अंश सेल्सियसला ठेवतात, म्हणजे सगळ्यांची उसळी सारखी राहते. सामन्यात पहिले नवे चेंडू सात गेमनंतर येतात, पुढे दर नऊ गेमनंतर. पहिल्या वेळी दोन गेम कमी, कारण सामन्याआधीचा सराव दोन गेमइतका धरतात. रेषा खडूच्या नाहीत, टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या मिश्रणाच्या आहेत. त्यामुळे 1981 मध्ये अमेरिकेचा खेळाडू मॅकेन्रो, चेंडू रेषेवर पडला हे पंचांना पटवायला, ‘खडू उडाला’ म्हणून ओरडला, त्या वाक्याकडे आता जरा वेगळ्या नजरेने बघावं लागेल. कबुतरं पळवायला पाळलेला हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी आहे, रूफस त्याचं नाव. पेरलेलं बी टिपणारे पक्षी हा आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ओळखीचा ताप. आणि 2025 पासून रेषेवरचे पंच गेले, निर्णय यंत्राकडे. पंचांच्या रिकाम्या जागा तुम्ही दाखवल्यात तेव्हा तुमचा आवाज जरासा खाली आला. आम्हालाही ते फार पटलेलं नाही.

कोर्ट 18 च्या भिंतीवरच्या पाटीपाशी मात्र तुम्ही थांबलात: इस्नर आणि माहू या खेळाडूंचा सामना, 2010, तीन दिवसांत 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68. गुणफलक 47-47 वर अडकला, कारण आज्ञावलीत त्यापुढे मोजायची सोयच नव्हती. आम्ही मनात म्हटलं, त्या कोर्टच्या बेसलाइनचं त्या तीन दिवसांत काय झालं असेल!

आणि रोलर. 1877 ची पहिली स्पर्धा भरली ती घोड्याने ओढायच्या रोलरच्या दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणून. एवढ्या मोठ्या स्पर्धेचा उगम रोलरच्या खर्चात आहे, हे ऐकून आमच्यातल्या एकाने तिथल्या तिथे टाळी दिली. आमच्याकडच्या कमिट्यांना रोलरचं बिल मंजूर करून घेताना हे उदाहरण यापुढे नक्की देणार.

तुमच्या कामाला, आवाजाला आणि पायांना बळ मिळो.

आपले,
कोर्टं राखणारे काही जण

ता. क. मराठी वाचकांसाठी: स्पर्धेच्या आणि तिच्या आसपासच्या काळात टूर नसते, तेव्हा आधी तारीख बघून तिकीट काढा, त्यातच संग्रहालयाचा प्रवेश येतो. डिस्ट्रिक्ट लाइनच्या साउथफील्ड्स स्टेशनवर उतरलात तर चालत पंधरा-वीस मिनिटं. विम्बल्डन स्टेशनवर उतरलात तर 493 नंबरची बस. नावामुळे सगळे विम्बल्डन स्टेशनलाच उतरतात आणि चालून दमतात. पायऱ्या भरपूर आहेत, म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर तिकीट काढतानाच पायऱ्यांविना मार्ग विचारून घ्या. गवतावर पाय ठेवायचा नाही. ‘फक्त एक फोटो’ म्हणूनही नाही.