थाप पकडली जाण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आधी एक कबुली. आठवीत तुला बक्षीस मिळालेली 'बनगरवाडी' हातात धरून तू विचारलं होतंस, "आबा, तुम्ही वाचलीय?" मी म्हणालो होतो, "मग! मास्तरानं नाही वाचायची तर कुणी?" थाप होती ती. निवृत्तीच्या भाषणातसुद्धा मी व्यंकटेश माडगूळकरांचं नाव घेऊन टाळ्या मिळवल्या. पुस्तक मात्र ट्रंकेतच. परवा पावसानं तीन दिवस घरात कोंडलं, तुझी आई म्हणाली, निदान ट्रंक तरी आवरा. ती अजून आवरायचीच आहे.

न वाचण्याचं कारण सांगतो. माझी पहिली नेमणूक धनगरवस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत. जो तो म्हणायचा, मास्तर, वाचा, तुमचंच आहे. मला वाटायचं, असेल कुणी आदर्श शिक्षक, गाव सुधारून टाकणारा. आपल्याला काही ते जमलं नाही, मग कशाला वाचून जीव जाळायचा?

तसलं काहीच नाही रे त्यात. 1955 सालचं पुस्तक, माझ्याहून तीन वर्षांनी थोरलं. औंध संस्थानातला हा राजाराम सौंदणीकर, कोवळा पोरगा, पायी वाडीवर पोचतो तर शाळेत पोरंच नाहीत, मेंढरांमागं गेलेली! शिकवण्याचं त्यात थोडंच, वाडीच्या बारक्यासारक्या उठाठेवी फार. कारभाऱ्याची अंजी त्याला चोळी शिवून आणायला सांगते आणि हा शहाणा हो म्हणतो. तिथं मी असा हसलो की तुझी आई स्वयंपाकघरातून बघायला आली. (मीही एकदा तालुक्याहून एकीच्या बांगड्या आणल्या होत्या. पुढचं रामायण आईला ठाऊक नाही. फोनवर काढू नकोस.)

आनंदा रामोशी चोरटा, पण त्याच्यावर रागवावंसं वाटत नाही. आणि शेकूची बायको. बैल एकच उरला म्हणून ती बाई स्वतः जुवाला खांदा देते. माडगूळकर तिथं डोळे पुसत बसत नाहीत, सांगतात आणि पुढं जातात. मला जाता येईना. पुस्तक पालथं ठेवून पडवीत फेऱ्या मारल्या.

मग सगळी वाडी राबून तालीम बांधते, राजेसाहेब येऊन जातात. वाटलं, आता गोड होणार. पण पानं उरली होती, आणि आपल्या भागातल्या माणसाला पुढचं कळतंच. पाऊस दडी मारतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं जगायला बाहेर पडतात. आमच्या शाळेत दुष्काळात पटावर बत्तीस नावं असायची आणि समोर पाच पोरं. मी रोज बत्तीसांची हजेरी घ्यायचो, का कोण जाणे. शेवटची दहा पानं मी दोन दिवस पुरवली.

आणि हो, एकविसाव्या पानावर एसटीचं जुनं तिकीट सापडलं. तुझंच असणार. त्याच्या पुढची पानं अगदी कोरी करकरीत. मी काही बोलणार नाही, मला तोंडच कुठं आहे?

गणपतीला येशील तेव्हा पुस्तक कोनाड्यात असेल. तिकीट होतं तिथंच ठेवलंय.

तुझे,
आबा