आधी खुरपे, मग युरिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथिंबिरीचे भाव पडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. परंतु ती जुडी बाजारात येण्याआधी वाफ्यात काय घडते, याविषयी क्वचितच लिहिले जाते, म्हणून हे पत्र.

मेथी महिनाभरात, तर कोथिंबीर चाळीसेक दिवसांत निघते. त्यातले पहिले पंधरा-वीस दिवस पीक तणाखाली दबले, तर पुढे सावरायला त्याला वेळच उरत नाही. हे ठाऊक असूनही आमच्या पुरंदर भागात अनेक जण खुरपणी टाळतात आणि पाने पिवळी दिसू लागली की युरिया फेकतात, कारण 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि तेवढ्यात एका बाईची दिवसाची मजुरीही भागत नाही. मात्र तणाने भरलेल्या वाफ्यात त्या युरियातल्या नत्रावर (नायट्रोजनवर) पिकाआधी तणच पोसते. शिवाय मेथी शेंगवर्गीय असल्याने बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू, चोळून पेरले, तर तिला युरिया फारसा लागतही नाही. पालकाचे तसे नाही. त्याला प्रत्येक कापणीनंतर नत्राचा हप्ता द्यावाच लागतो, पण तोही खुरपणी उरकल्यावर, जमिनीत ओल आणि पाने कोरडी असताना, नाहीतर पाने करपतात. युरिया टाकताना हात सैल सोडला, तर पाला हिरवागार दिसतो खरा, पण त्यावर मावा ही कीड लवकर येते आणि पानांत नायट्रेट साठते.

मी स्वतः ठेच खाल्ली आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धवट कुजलेल्या शेणखताची ट्रॉली विकत घेऊन पसरली आणि त्यातून आलेल्या बियांमुळे तांदुळजाचे तण इतके माजले की त्यात शेपू शोधावा लागला. खुरपायला आलेल्या बायकांनी तो तांदुळजा भाजीसाठी ओटीत भरून नेला, एवढाच काय तो त्या वाफ्याचा उपयोग! तेव्हापासून मी पूर्ण कुजलेलेच खत वापरतो आणि बी फोकण्याऐवजी ओळीत पेरतो, त्यामुळे दोन ओळींमधून सायकल कोळपे (हाताने ढकलायचे, चाकाचे तण काढणारे अवजार) चालते आणि पाच बायकांचे काम दोघींत होते. लव्हाळा या तणापुढे मात्र कोळपेही हरते. त्याच्या जमिनीतल्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

कृषी विभागाने ओळीतल्या पेरणीची आणि कोळपणीची प्रात्यक्षिके कार्यालयाच्या आवारात न घेता पालेभाजीच्या वाफ्यावर, तीही पेरणीच्या तोंडावर घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक भाजीपाला उत्पादक, ता. पुरंदर