गंगोत्रीच्या पाण्यातलं पहिलं मिनिट

मा. संपादक, स.न.वि.वि.

अक्षय्य तृतीया जवळ आली की चारधामची माहिती सगळीकडे छापून येते, रजिस्ट्रेशन कसं करायचं, स्वेटर किती घ्यायचे, ऑक्सिजन कमी पडतो वगैरे, पण तिथल्या पाण्यात उतरल्यावर शरीराचं काय होतं यावर एक ओळ नसते, म्हणून हे पत्र.

गंगोत्री 3000 मीटरच्या वर, जिथे हिमनदीतून गंगा बाहेर पडते ते गोमुख तिथून साधारण 18 किमी, म्हणजे ते पाणी नुकताच वितळलेला बर्फच. आणि आपले साठी-सत्तरीचे काका-काकू, बीपीची गोळी चालू असलेले, गाडीतून उतरून तडक घाटावर जातात आणि हर गंगे म्हणून डोक्यासकट डुबकी मारतात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी स्वतः तिथे स्नान केलंय. घाई नको एवढंच.

लोकांना वाटतं धोका म्हणजे अंग गोठणं. ते खूप नंतर येतं, बर्फासारख्या पाण्यातसुद्धा धडधाकट माणसाचं आतलं तापमान 35 अंशांच्या खाली जायला बहुतेक वेळा अर्धा तास तरी लागतो. खरा घात पहिल्या मिनिटात होतो. कातडी एकदम गार पडली की तोंडाचा आ होऊन मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, तो आपल्या हातात नसतो, मग भात्यासारखा श्वास चालू होतो, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आणि ठोके दोन्ही वर जातात. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ फुप्फुसात, मग पट्टीचा पोहणारा असला तरी काय करणार! इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीचे माइक टिप्टन यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलंय. त्यांचं म्हणणं, गारठ्यामुळे हृदयाला जोरात धावायचा हुकूम मिळतो आणि त्याच वेळी चेहरा बुडाल्यामुळे हळू व्हायचा, या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते. आधीच हार्टचा त्रास असेल तर हे जिवावर बेतू शकतं.

हा सगळा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत उतरतो. म्हणून आधी पायरीवर बसा, पाय भिजवा, मग हात, मान, तोंड, तांब्याने अंगावर पाणी घ्या, श्वास जागेवर आला की मगच डुबकी, आणि तीही कुणाचा तरी हात किंवा साखळी धरून, कारण भागीरथीला ओढ जबरदस्त आहे आणि बोटं लवकर बधिर होतात. चुकून कुणी पडलंच तर हातपाय झाडत बसू नये, प्रवाह नसेल तिथे श्वास शांत होईपर्यंत उताणं तरंगावं. बाहेर आल्यावर लगेच अंग कोरडं करून गरम कपडे, कारण बाहेर आल्यावरही काही वेळ आतलं तापमान उतरतच असतं.

रीलवाले आइस बाथ करतात त्यांचं बघून काही जण म्हणतील की सवयीने होतं. होतं ना, पाच-सहा वेळा दोन-तीन मिनिटं गार पाण्यात उतरलं तरी झटका बराच कमी होतो. पुण्याच्या रोहन मोरेंनी ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात अवघड समुद्री खाड्या पोहून जायचं आव्हान, 2018 मध्ये पूर्ण केलं, त्यामागे वर्षांची तयारी आहे. यात्रेकरू आदल्या दिवशीपर्यंत गिझरच्या पाण्याने आंघोळ करत असतो.

आपण हे यात्रेच्या पानावर छापावं, आणि टूरवाल्यांनी उत्तरकाशीच्या मुक्कामात रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना सांगावं, पाचच मिनिटं लागतात.

– एक वाचक, पुणे