बाबांच्या प्रश्नाचे अपुरे राहिलेले उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, लघुग्रहाच्या मातीत जीव सापडला का, आणि मी घाईत 'नाही' एवढेच म्हणाले. ते उत्तर खरे असले तरी अपुरे होते, याची रुखरुख लागल्याने हे पत्र लिहीत आहे.

'नासा'च्या 'ओसायरिस-रेक्स' यानाने 'बेन्नू' या लघुग्रहावरून आणलेली १२१.६ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात उतरली. अशा मातीचे काही मिलिग्रॅम काचेच्या नळीत पाण्यासह बंद करून १०० अंशांवर दिवसभर तापवले, की विरघळणारी सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात. अशा तपासण्यांतून बेन्नूच्या मातीत प्रथिनांना लागणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही न्यूक्लिओबेस, म्हणजे आनुवंशिक माहितीची जणू 'अक्षरे', आढळली.

मग जीव नाही असे का म्हणायचे? आपले दोन तळवे समोरासमोर जुळतात, पण दोन्ही पालथे करून एकावर एक ठेवले तर अंगठे विरुद्ध दिशांना जातात. बहुतेक अमिनो आम्लांचीही अशी डावी आणि उजवी रूपे असतात. सजीवांची प्रथिने डाव्या रूपांचीच बनतात, तर बेन्नूच्या मातीत दोन्ही रूपे जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे ती सजीवांवाचून, साध्या रासायनिक क्रियांतून घडली. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतील काही अमिनो आम्लांत डाव्या रूपाचे आधिक्य दिसले होते, त्यामुळे सजीवांचा हा डावा कल अंतराळातूनच आला असावा, असे अनेकांना वाटत आले. बेन्नूने त्या कल्पनेला धक्का दिला आहे, आणि मला हाच निकाल सर्वांत मोलाचा वाटतो.

आई, मी प्रयोगशाळेतली भांडी पुनःपुन्हा का तपासते, हेही यातून तुझ्या लक्षात येईल. माझ्या बोटाचा ओझरता स्पर्श झाला तरी डावी रूपे वाढतील आणि मापन फसवे ठरेल. म्हणून ५०० अंशांवर भाजलेली, सेंद्रिय अंश उरलेला नाही अशी सिलिका पूड प्रत्येक वेळी मातीसोबत त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेतो. तिच्यात काही दिसले, तर दोष आमच्या हातांचा. गेल्या महिन्यात तसे दिसले आणि तीन आठवड्यांचे काम मी टाकून दिले. त्याचे वाईट वाटले, पण इतक्या दुर्मीळ मातीविषयी चुकीचे विधान करणे मला जास्त जड गेले असते.

तेव्हा बाबा, जीव सापडला नाही; जीवाला लागणारे पुष्कळसे साहित्य मात्र जीव नसतानाही तयार होते, हे सापडले आहे. नव्या नळ्या आज सकाळी तापवायला ठेवल्या आहेत. या वेळी सिलिकेत काय दिसते, ते रविवारी फोनवर सावकाश सांगेन.

तुमची,
धाकटी