बी.एड्., एम.एड्. झालेले पुढे कुठे जातात, याची नोंद महाविद्यालयांनी ठेवावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बी.एड्. आणि एम.एड्.च्या प्रवेशाचे दिवस आले की आपल्या बेळगाव भागातील महाविद्यालयांच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत शेकडा निकाल असतो, विद्यापीठात आलेला क्रमांक असतो, इमारतीचे छायाचित्र असते. मात्र खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या ज्या मुलीला घरच्यांकडून दोन वर्षांचा खर्च मागायचा आहे, तिला हवी असलेली माहिती त्यांत नसते. या महाविद्यालयातून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात, हे तिला जाणून घ्यायचे असते. अध्यापक महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून मला वाटते की याचे उत्तर महाविद्यालयांनीच, खरेखुरे आणि छापून, दिले पाहिजे.

बी.एड्.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला. शाळेतील आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून करायचा सराव, वीस आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले. परंतु खर्च वाढला आणि कमाईला एक वर्ष उशीर झाला. त्यानंतर ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड्. ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्णय दिला. शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आहेच. एवढे सगळे पार करून जो उमेदवार उभा राहतो, त्याच्यापुढे कोणकोणत्या वाटा आहेत हे त्याला प्रवेश घेतानाच कळले, तर तो विषयही विचारपूर्वक निवडील आणि तयारीही वेळेत सुरू करील.

सीमाभागातील मराठी छात्राध्यापकांच्या वाटा इतरांपेक्षा वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत जागा निघाली तर ती पहिली वाट. दुसरी वाट सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातली, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील उमेदवाराला तिथल्या नोकरभरतीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा तहसीलदारांचा दाखला विहित नमुन्यात द्यावा लागतो. हा दाखला आधीच काढून ठेवायचा असतो आणि महाराष्ट्राची टीईटी वेगळी द्यायची असते, हे आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना पदवी हातात पडल्यावर कळले. ज्यांनी ही वाट आधी चोखाळली होती, त्यांची नावे महाविद्यालयाकडे असती, तर एका दूरध्वनीवर काम झाले असते. खाजगी इंग्रजी शाळांची वाट सर्वांना ठाऊक आहे आणि तिथला पगारही सर्वांना ठाऊक आहे. पण तोसुद्धा माहितीपत्रकात यायला हवा.

एम.एड्. झालेल्यांचे क्षेत्र याहून मोठे आहे. विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड्., दोन्हींत 55 टक्के गुण असतील तर अध्यापक महाविद्यालयात शिकवता येते. शिक्षणशास्त्रात नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येते. डायट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालय, पाठ्यपुस्तकांचे काम, मूल्यमापन अशा ठिकाणी या अभ्यासाचा थेट उपयोग होतो. कर्नाटकची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके कोणीतरी मराठी माणूसच भाषांतरित करतो आणि तपासतो, आणि त्या कामाला शिक्षणशास्त्र शिकलेला, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. असा माणूस सीमाभागाइतका सहज दुसरीकडे कुठे मिळणार?

कर्तबगारी म्हणजे काय, याबद्दलही आपण जरा संकुचित विचार करतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझी एक विद्यार्थिनी एम.एड्.च्या लघुशोधप्रबंधासाठी मराठी शाळेतील मुलांच्या कन्नड श्रुतलेखनाच्या वह्या तपासत होती. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ या दोन्ही स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत. मराठीत तो भेद नाही. त्यामुळे मुले पुन्हा पुन्हा त्याच जागी चुकत होती आणि शिक्षक त्यांना निष्काळजी समजत होते. तिने त्या चुका वर्गवार मांडल्या, दोन्ही स्वर कानांनी ओळखण्याचे छोटे सराव तयार केले आणि आज सीआरपी, म्हणजे शाळांच्या एका गटाची (क्लस्टरची) साधन व्यक्ती, म्हणून आपल्या क्लस्टरमधील शाळांत ती ते वापरते. 2015 च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून अनिवार्य केली आहे. तेव्हा आपल्या मुलांना ती नीट यावी, यासाठी एवढे नेमके काम करणारी शिक्षिका विद्यापीठात पहिल्या आलेल्या कोणाहीइतकीच गौरवास पात्र आहे. तिचा प्रबंध मात्र काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्ष मिरवत, ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात पडून आहे. त्या कपाटात असे आणखी किती प्रबंध आहेत, याची साधी विषयवार सूचीसुद्धा कोणी केलेली नाही.

आपल्या मातीत याची मोठी परंपरा आहे. निपाणी भागातील तवंदीशी नाते असलेल्या कवयित्री इंदिरा संत यांना मराठी वाचक कवितेसाठी ओळखतात आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना 1984 मध्ये मिळाला, हेही अनेकांना ठाऊक आहे. पण बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राध्यापिका होत्या आणि पुढे प्राचार्या झाल्या, ही गोष्ट आजच्या छात्राध्यापकांना कोणी सांगत नाही. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. केलेल्या चित्रा नाईक यांनी निपाणीपासून फार लांब नसलेल्या गारगोटीला मौनी विद्यापीठात काम केले आणि पुढे त्या महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक व योजना आयोगाच्या सदस्य झाल्या. खेड्यातल्या शाळेपासून देशाच्या नियोजनापर्यंत हा विषय माणसाला नेऊ शकतो, हे दाखवायला परदेशातली उदाहरणे शोधायची गरज नाही.

महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची पुढील प्रगती आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग यांना गुण असतात, म्हणून समिती यायच्या आधी फोन फिरवून याद्या भरल्या जातात. समिती गेली की फाईल बंद होते. त्याऐवजी प्रत्येक तुकडीची नोंद पदवीनंतर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी घ्यावी. कोण सरकारी शाळेत आहे, कोण खाजगी शाळेत, कोण महाराष्ट्रात गेले, कोणी पुढे संशोधन केले, आणि कोणाला अजून काहीच मिळालेले नाही, हेही त्यात असावे. नावे गाळून केवळ आकडे प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावेत. आकडे वाईट निघतील, ही भीती मी समजू शकतो. परंतु चार वर्षे एकाच शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणारी आपली विद्यार्थिनी यादीतून वगळून महाविद्यालयाची प्रतिष्ठा वाढत नाही, आणि पुढच्या मुलीची फसवणूक मात्र होते.

राणी चन्नम्मा विद्यापीठाने आपल्या संलग्न अध्यापक महाविद्यालयांसाठी या नोंदीचा एकच नमुना ठरवून द्यावा आणि एम.एड्. प्रबंधांची सूची सर्वांना खुली करावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही येत्या प्रवेशाच्या काळात अशा काही माजी विद्यार्थ्यांच्या कामाची ओळख वाचकांना करून द्यावी. माझ्या जुन्या तुकड्यांच्या हजेरीवह्या आणि पत्ते मी जपून ठेवले आहेत. ज्या महाविद्यालयाला हे काम सुरू करायचे असेल, त्याच्यासोबत बसून पहिली यादी करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी, बेळगाव